प्राचीन तगर म्हणजे आजचे तेरच, हे कशावरून ठरले?

प्रश्न
धाराशिव जिल्ह्यातील तेर हे तेरणाकाठचे गाव संत गोरोबाकाकांमुळे सर्वांना परिचित आहे. समुद्रापासून इतक्या दूर असलेले हे गाव सातवाहनकाळी ‘तगर’ नावाची मोठी व्यापारपेठ होते असे म्हणतात. यास आधार कोणता आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पहिला प्रतिसाद
इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात गुजरातमधील भडोच बंदराच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर असल्याचे म्हटले असून, तगरहून जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांवर लादून, नीट रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला जात असे, असेही त्यात नोंदवले आहे. जुन्या अभ्यासकांनी तगरसाठी जुन्नर, दौलताबाद, धारूर अशी निरनिराळी ठिकाणे सुचवली होती. १९०१ साली प्राचीन लेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी तेरचे नाव पुढे केले आणि पुढील उत्खननांत रोमन संपर्काच्या वस्तू मिळाल्याने त्यास बळकटी आली. तेर पैठणच्या नेमके पूर्वेस नसून आग्नेयेस, सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. बैलगाडीच्या चालीने दहा दिवसांचा हिशेब मला पटण्याजोगा वाटतो.

दुसरा प्रतिसाद
वरील विवेचनास भूगोलाची जोड द्यायला हवी. तेरणा ही मांजरेची उपनदी आणि मांजरा गोदावरीला मिळते, तेव्हा हे गाव गोदावरीच्याच खोऱ्यात येते. भोवतालची काळी जमीन कापसाला मानवणारी आहे. कापड हाच येथील मुख्य माल असावा, यात मला नवल वाटत नाही. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पाँपेई येथे मिळालेल्या मूर्तीशी मिळतीजुळती आहे, आणि पाँपेई तर इ. स. ७९ मध्येच ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, म्हणजे तेथील मूर्ती त्यापूर्वीचीच ठरते. गावातील रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या पुरावशेषांतून तेथील वस्तुसंग्रहालय उभे राहिले आहे. ते पाहिल्याशिवाय तेरहून परतू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

तिसरा प्रतिसाद
तेरच्या त्रिविक्रम मंदिराचाही उल्लेख व्हावा. विटांचे हे गजपृष्ठाकार (मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोलाकार असलेले) बांधकाम मूळचे बौद्ध चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनास्थळ असावे, असे पुरातत्त्वज्ञ कझिन्स यांचे मत होते. शिवाय कोकणचे शिलाहार राजे ‘तगरपुरवराधीश्वर’ (श्रेष्ठ तगर नगराचे स्वामी) हे बिरुद लावीत, म्हणजे रोमन व्यापार ओसरल्यावरही कित्येक शतके या नगराच्या नावाला मान होता.