मदत हवी आहे : पंचवटीतल्या वाड्यातलं कपाट, किल्ली नाही, रविवारपर्यंत उघडायचंय

आजोळकर
पंचवटीत आजोळचा वाडा आहे, सोमवारपासून पाडायला घेणार. माजघरातलं सागवानी कपाट आजीचं. आजी मार्चमध्ये गेली, किल्ली कुठे ठेवायची ते तिलाच ठाऊक. आत तिच्या हातच्या वह्या आहेत, त्या मला हव्यातच. तार घालून झाली, मामाच्या जुडग्यातल्या सगळ्या किल्ल्या लावून झाल्या. एक आत जाते पण फिरत नाही. फोडायचं नाहीये. कोणी उघडलंय का असं? लवकर सांगा प्लीज.

स्मिता_ना
एक दार की दोन? भोक कसलं आहे? फोटो टाका ना. आणि घरच्यांना माहीत आहे ना?

द्वारका_सर्कल
लोखंडी कपाट असेल तर किल्लीवर नंबर कोरलेला असतो, तो वहीत लिहून ठेवत जा. दुसरी किल्ली त्याच घरात ठेवू नये. आमची बहिणीकडे असते.

सुतारपक्षी
कुलपाच्या नादी लागू नका. जुन्या कपाटाची पाठ फळ्यांची, खिळ्यांनी ठोकलेली असते. भिंतीपासून पुढे ओढा आणि मागून दोन फळ्या काढा. आमचं भद्रकालीतलं असंच उघडलं, पुढच्या पॉलिशला ओरखडासुद्धा नाही.

आजोळकर
कपाट भिंतीतलंच आहे हो. मागे भिंत. दोन दारं. मामा इथे शेजारीच उभे आहेत. किल्लीवालाही आणला होता, ग्राइंडरने दांडी कापतो म्हणाला. परत पाठवला.

सुतारपक्षी
भिंतीतलं आहे हे आधी सांगायचं ना राव!

कानस
तार घालणं आधी थांबवा. हे लिव्हरचं कुलूप दिसतंय. आत पितळी पत्र्या असतात, किल्लीचा एकेक दात एकेक पत्री ठरलेल्या उंचीवर उचलतो. कमी उचलली तरी दांडी अडते, जास्त उचलली तरी अडते. रॉबर्ट बॅरन नावाच्या इंग्रजाने १७७८ साली हीच युक्ती काढली. म्हणून दुसरी किल्ली आत शिरते पण फिरत नाही. जोर लावलात तर तिचा दात आत मोडेल.

मेनरोडकर
रात्रभर खोबरेल तेल सोडून ठेवा, सकाळी मऊ होतं. चाळीस वर्षं दुकानाच्या शटरला तेच घालतो.

कानस
तेल अजिबात नको. पेन्सिलीच्या शिशाची पूड घाला. तुमचं शटर रोज फिरतं, हे बंद पडलेलं कुलूप आहे. तेलावर धूळ बसते.

मेनरोडकर
आमच्या शटरला एकदाही कारागीर लागला नाही.

आजोळकर
तेल मी परवाच सोडलंय. आणि २००८च्या पुरात माजघरात गुडघाभर पाणी होतं, हे लिहायचं राहिलं. किल्लीचं भोक गुडघ्याच्या खालीच आहे. आजी खाली बसून उघडायची.

गंगाघाट
२००८चा पूर कोण विसरेल! गंगेचं, म्हणजे आपल्या गोदावरीचं, पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर लागलं त्यावरच आपण पूर मोजतो. २०१९लाही आम्ही सामान माळ्यावर चढवलं होतं. वाड्याचे फोटो काढून ठेवा, लाकडी खांबांचे तरी.

कानस
मग आत गाळ आहे, त्यात तुमचं तेल. आता नेमकी किल्ली मिळाली तरी फिरेलच असं नाही. बिजागऱ्या बघा. पिन जिच्यातून जाते त्या गोल गाठी बाहेर दिसतात का? आणि दोन दारांमधली फट झाकणारी पट्टी कोणत्या दाराला आहे?

आजोळकर
दिसतात, तीन तीन. वर ऑइलपेंटचे थर. पट्टी उजव्या दाराला, कुलूपही त्यालाच.

कानस
छान. म्हणजे उजवं दार बाहेरून बसतं. त्या बाजूच्या गाठींवरचा रंग ब्लेडने खरवडा, थोडं रॉकेल सोडा, तासाभराने खालून खिळा लावून पिन वर ठोका. मधली आधी, वरची शेवटी. दार धरायला माणूस हवा. बिजागरीकडून बाहेर घ्या, मग कुलपाची दांडी आपोआप डाव्या दारातून सुटेल.

सुतारपक्षी
हातोडी छोटी घ्या. आणि खिळ्याचं टोक आधी बोथट करा.

आजोळकर
दोन निघाल्या. वरची अडलीये.

आजोळकर
निघालं!! मामांनी दार धरलं. खालच्या कप्प्यातल्या वह्या भिजून वाळलेल्या, पानं चिकटलीत. वरच्या कप्प्यातल्या चार कोरड्या आहेत, पहिल्याच पानावर गोडा मसाल्याचं प्रमाण, तिच्या तिरक्या अक्षरात. आता लिहवत नाही.

स्मिता_ना
चिकटलेली पानं ओढून सोडवू नका. सावलीत ठेवा, माहीतगाराला दाखवा.

आजोळकर
हो. दाराचं कुलूप सोडवलंय, आतून चारच स्क्रू होते. झाकण काढलं. पाच पत्र्या, मधे गाळाचे पापुद्रे. दार आमच्या घरी लावायचंय, किल्ली करून मिळेल का?

कानस
मिळेल. पत्र्या आहेत त्याच क्रमाने दोऱ्यात ओवून ठेवा, उलटसुलट करू नका. त्यावरूनच दात कापता येतात.