सुतक नक्की कोणाला?

फाटकी छत्री (शुक्रवार, ११ ऑक्टोबर २०२४)

बुधवारी रात्री ब्रीच कँडी रुग्णालयात रतन टाटा गेले. वय ८६. माणूस मोठा होता, त्यात वाद नाही, तेव्हा पहिल्याच प्रतिसादात मला कृतघ्न ठरवायची घाई नको. माझा प्रश्न त्यानंतरच्या चोवीस तासांबद्दल आहे.

राज्यात एक दिवसाचा दुखवटा. झेंडा अर्ध्यावर. वरळीला शासकीय इतमामात अंत्यसंस्कार. मंत्रिमंडळाने त्याच दिवशी भारतरत्नाची शिफारस करणारा ठराव करून टाकला. विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता आज लागते की उद्या, अशी सगळे वाट बघत असताना ही तत्परता.

आता आमच्या सोसायटीतलं सांगतो. देवीच्या मांडवात उजव्या हाताला त्यांचा फोटो लागला. कलर झेरॉक्स, झेंडूचा हार, खाली एक सुविचार. हे वाक्य त्यांचंच आहे का विचारलं, तर सेक्रेटरी म्हणाले, "असेल की. चांगलं आहे ना?" एप्रिल २०२० मध्ये अर्थव्यवस्थेवरचा एक मजकूर त्यांच्या नावाने फिरत होता, तेव्हा खुद्द टाटांनीच ट्वीट करून सांगितलं होतं की हे मी बोललो नाही आणि लिहिलंही नाही. जिवंतपणी नाही म्हणत होते तरी लोक ऐकत नव्हते, आता तर रान मोकळंच.

गुरुवारी गरबा बंद ठेवला. म्हणजे स्पीकर बंद, वडापावचा स्टॉल चालू.

"आज आपण पोरके झालो" असं स्टेटस ठेवणाऱ्यांना विचारावंसं वाटतं, सुतक नक्की कोणाला आलंय? एका उद्योगपतीसाठी एवढं?

मीठभाकर

छत्री, तुम्हाला काय वाटतं, आधी ओळखपाळख दाखवायची आणि मग रडायचं?

माझ्या मावशीवर परळच्या टाटात सात महिने उपचार चालले होते. आम्ही दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत राहायचो. पहाटे उठून केसपेपरची पिशवी घेऊन निघायचं. त्या पिशवीवर मावशीने स्वतःच्या हाताने निळ्या दोऱ्याने नाव शिवलं होतं, कारण तिथे सगळ्यांच्या पिशव्या सारख्याच दिसतात. मावशी बरी होऊन घरी आली. तेव्हापासून आमच्या घरात 'टाटा' हा शब्द साध्या आवाजात कोणी उच्चारत नाही. बुधवारी रात्री आई रडली. तिला आता ताळेबंद मागू का?

खुर्ची टाकून बसलोय

धागा शंभरी गाठणार. चहा ठेवलाय.

ताम्हिणी

मीठभाकर, मावशींना आराम पडला हे वाचून खरंच बरं वाटलं. पण एक दुरुस्ती. परळचं टाटा स्मारक रुग्णालय १९४१ चं, दोराबजी टाटा ट्रस्टने उभारलेलं. १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडे गेलं आणि १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे आहे. म्हणजे साठ वर्षांहून जास्त काळ ते सरकार चालवतंय, तुमच्या-माझ्या करातून. पाटीवर नाव टाटांचं, म्हणून आभारही सगळे तिकडेच. तिथल्या डॉक्टर-नर्सेससाठी कोणी स्टेटस ठेवल्याचं मला आठवत नाही.

बरं, १९४१ साली रतन टाटा तीन वर्षांचे होते. तरी त्या इस्पितळाचं पुण्य त्यांच्या खात्यावर जमा करायचं असेल तर माझी हरकत नाही. मात्र मग खर्चाची बाजूही लिहा. १९२१ चा मुळशी सत्याग्रह, सेनापती बापट. टाटांच्या धरणासाठी मावळ्यांची भातखाचरं पाण्याखाली गेली आणि ते पाणी भिऱ्याला उतरवून मुंबईसाठी वीज झाली. आमचं मूळ गाव त्या पाण्यात आहे. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की आजोबा काठावरून बोट करून दाखवायचे, "तिथं आपलं खळं." मला तर चिखलच दिसायचा.

ते लांबचं वाटत असेल तर २ जानेवारी २००६, ओडिशातलं कलिंगनगर. टाटा स्टीलच्या जागेवरून आंदोलन, पोलिसांचा गोळीबार, तेरा आदिवासी ठार. तेव्हा रतन टाटाच अध्यक्ष होते. गोळी पोलिसांनी झाडली हे मान्य. पण त्या तेरा जणांसाठी या राज्यात किती मांडवांत फोटो लागले?

मीठभाकर

घरात कोणी गेलं की दारात वही घेऊन बसणारा एक पाहुणा असतोच.

ताम्हिणी

असतो. आणि बऱ्याचदा त्याचेच पैसे बुडालेले असतात.

पेठकर

इथे मला दुसराच एक मुद्दा सुचतोय. १२ फेब्रुवारी २०२२ ला राहुल बजाज गेले. त्यांनाही शासकीय इतमाम मिळाला. आमच्या पुण्यात चेतकसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेली एक अख्खी पिढी आहे. माझ्या काकांनी लग्न आधी केलं, स्कूटर नंतर आली. तरी पुणं हळहळलं आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागलं. पोरकं कोणी झालं नाही.

का? कारण बजाज बोलायचे. नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबईत भर कार्यक्रमात, गृहमंत्री समोर बसलेले असताना, उद्योगपती सरकारवर टीका करायला घाबरतात हे त्यांनी तोंडावर सांगितलं. अशा माणसाबद्दल आदर वाटतो, पण त्याचा फोटो मांडवात लावताना सेक्रेटरी दोनदा विचार करतो. टाटा मितभाषी, अविवाहित, कुत्र्यांवर जीव असलेले. त्यांच्यात ज्याला जो हवा तो आजोबा सापडला. आपण शोक करतो तो आपणच रंगवलेल्या चित्राचा, असं मला वाटतं. छत्रींचा सुविचाराचा किस्सा त्यातलाच.

अवांतर: पार्थिव अंत्यदर्शनासाठी ठेवलं होतं त्या एनसीपीएत 'गोवा' नावाच्या त्यांच्या कुत्र्याला दर्शनाला आणलं तेव्हा कॅमेरे त्याच्यावर जे तुटून पडले! बोलता येत नाही म्हणून बिचारा वाचला, नाहीतर "आता कसं वाटतंय?" हे त्यालाही विचारलं असतं.

कॉटन ग्रीन

मी त्या अंत्यदर्शनाच्या रांगेत होतो. चॅनलवर मंत्री आणि नट दिसले, रांग दिसली नाही. ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं. माझ्या पुढे एक बाई होत्या, फोर्टात एका ऑफिसात साफसफाईला. हातात डब्याची पिशवी. "दर्शन घेते आणि तशीच कामावर जाते" म्हणाल्या. कोणी नोकरी दिली होती का, मदत केली होती का, मी विचारलं. "नाय ओ. पण एवढा पैसा असून माणूस माजला नव्हता." बस.

आत पोहोचल्यावर तिरंग्यात गुंडाळलेली पेटी, आणि "चला, पुढे चला" म्हणणारे पोलीस. थांबायला मिळालं ते हात जोडण्यापुरतं. त्या बाईंनी सेल्फी काढला नाही. मीही नाही. ह्याला अतिरेक म्हणायचं असेल तर म्हणा.

टेल्कोवाला

चौतीस वर्षं पिंपरीच्या कारखान्यात काढली. टाटा मोटर्स हे नाव २००३ चं, आमच्या तोंडी टेल्कोच. त्यामुळे मला जरा बोलू द्या.

कोणी १९८९ काढलं नाही म्हणून मीच काढतो. रतन टाटा नुकतेच टेल्कोचे अध्यक्ष झालेले. कामगार नेते राजन नायरांच्या मागे हजारो कामगार. सप्टेंबरमध्ये शनिवारवाड्यावर बेमुदत उपोषण आणि शेवटी एका रात्री पोलिसांनी सगळ्यांना गाड्यांत भरून नेलं. संप मोडला. मी कुठल्या बाजूला होतो ते सोडा. त्या दिवसांत एकाच चाळीतली दोन घरं एकमेकांशी बोलत नव्हती, एवढं सांगतो. साधा मृदू माणूस वगैरे आता सगळे म्हणतात, पण तो माणूस वाकला नाही हे आम्ही जवळून बघितलंय. आणि त्याच माणसाने नंतर इंडिका काढली. डिसेंबर १९९८. लोक म्हणत होते ट्रकवाल्यांना गाडी कसली जमतेय. पहिल्या गाड्या बाहेर पडताना संपातले आणि संपाबाहेरचे एकाच लायनीवर उभे होते.

म्हणून मला हे दोन्हीकडचं ऐकवत नाही. देव केलात की आमचा संप पुसला जातो. नुसता भांडवलदार म्हणालात की आमची गाडी पुसली जाते.

गुरुवारी आम्ही जुने चौघे टपरीवर बसलो होतो. त्यातला एक ८९ मध्ये शनिवारवाड्यावर होता. तो म्हणाला, "गेला रे आपला विरोधी." आणि चहाचे पैसे त्याने दिले. तो कधीच देत नाही.

ताम्हिणी

टेल्कोवाले काका, तुमच्या दुःखाशी माझं भांडण नाहीच. ते तुम्ही कमावलंय. माझं भांडण सरकारी दुःखाशी आहे. टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के शेअर ट्रस्टांकडे आहेत, म्हणून हे इतरांसारखे श्रीमंत नव्हेत, हे मला दहा जणांनी पाठवलं. खरं आहे ते. पण मग ट्रस्टांच्या कामावर बोला ना. दुखवटा जाहीर करायला खर्च शून्य आणि विरोध करायची कोणाची टाप नाही, म्हणून तो जाहीर होतो.

मीठभाकर

सरकारी दुखवट्याबद्दल तुमच्याशी सहमत. आईच्या रडण्याबद्दल नाही. इस्पितळ सरकार चालवतं हे तिला काल सांगितलं. म्हणाली, "मग सरकारचं पण भलं होवो."

फाटकी छत्री (रविवार)

धागा काढला तेव्हा मी जरा तिरसटलेलो होतो, कबूल. कॉटन ग्रीन यांच्या त्या बाईंना अतिरेक म्हणायची माझी छाती नाही. ठराव आणि स्टेटसबद्दल मात्र मत तेच.

मांडवाचं पुढे काय झालं ते सांगतो. काल देवी विसर्जनाला निघाली. फोटो जागच्या जागी राहिला, हार सुकलेला. सेक्रेटरींनी ग्रुपवर विचारलं, ह्याचं काय करायचं? कचऱ्यात टाकवत नाही म्हणे, आणि घरी न्यायला कोणी तयार नाही. "पोरके झालो" लिहिणारे सतरा जण ग्रुपवर होते, एकाचंही उत्तर आलं नाही. सध्या तो मीटर रूममध्ये, पाण्याच्या पंपाच्या स्विचशेजारी उभा करून ठेवलाय. आज सकाळी पंप लावायला गेलो तर कोणीतरी हार काढून फोटो पुसून ठेवलेला दिसला.