मंदीच्या काळात बांधकाम व्यावसायिकांची संघटना सभासदाच्या नेमकी कशी उपयोगी पडते?

प्रश्न

मी लहान सरकारी कामे घेणारा कंत्राटदार आहे. निविदा भरल्यानंतर पोलादाचे दर चढले, चालू देयके अडकली आणि बँकेची कर्जमर्यादाही संपत आली आहे. अशा वेळी संघटनेचे सभासद व्हावे, असे सहकारी सुचवतात. निवेदने देणे आणि परिषदा भरवणे यापलीकडे संघटना काही करते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

करते. भाववाढीचेच उदाहरण घ्या. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या करारातील १० सीसी या कलमानुसार भाव-निर्देशांकाच्या (दरांची चढउतार दाखवणाऱ्या आकड्याच्या) आधारे दरफरक मिळतो. परंतु ते कलम ठरावीक मुदतीहून मोठ्या कामांनाच लागू होते, त्यामुळे ज्याची गंगाजळी तुटपुंजी त्याच्याच छोट्या कामाला या कलमाचे संरक्षण मिळत नाही. एकटा कंत्राटदार हे गाऱ्हाणे घेऊन कार्यकारी अभियंत्याकडे गेला, तर ‘करारात तरतूद नाही’ एवढेच उत्तर मिळते, आणि कराराच्या अटी बदलण्याचा अधिकार त्या अभियंत्याला नसल्यामुळे त्याचेही चुकत नाही. संघटना मात्र अनेक सभासदांची खरेदी बिले गोळा करून, निविदेच्या दिवशीचा दर आणि प्रत्यक्ष खरेदीचा दर शेजारी शेजारी मांडून, तोच विषय निर्णय घेणाऱ्यांपर्यंत नेऊ शकते.

दरवाढ संगनमताने झाल्याचा संशय असेल, तर एकट्याने लढणे जवळजवळ अशक्यच. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडियाने सिमेंट कंपन्यांविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे (बाजारातील संगनमताची चौकशी करणाऱ्या सरकारी संस्थेकडे) तक्रार केली आणि आयोगाने २०१२ मध्ये त्या कंपन्यांना ६,००० कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. प्रकरण अपिलात गेले, फेरसुनावणी झाली आणि २०१६ मध्ये आयोगाने पुन्हा दंडाचाच आदेश दिला. इतकी वर्षे वकील आणि कागदपत्रे यांचा भार लहान कंत्राटदाराने एकट्याने कसा पेलला असता? त्या प्रकरणात सिमेंट उत्पादकांच्या संघटनेलाही दंड झाला होता, हेही ध्यानात ठेवावे. सभासदांना एकत्र बसवून निविदेचे दर ठरवणारी संघटना मदत करत नाही, ती सभासदांनाच गोत्यात आणते.

प्रतिसाद २

वरील मुद्द्यांना एक जोड द्यावीशी वाटते. सवलत जाहीर होणे वेगळे आणि ती आपल्या कामाला लागू होणे वेगळे. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने आपल्या यंत्रणांच्या कंत्राटांना सहा महिन्यांपर्यंत मुदतवाढ आणि पूर्ण झालेल्या कामाच्या प्रमाणात बँक हमी (काम पूर्ण करू, यासाठी कंत्राटदाराच्या वतीने बँकेने दिलेली हमी) अंशतः मोकळी करण्याची मुभा जाहीर केली; त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कार्यपूर्तीची सुरक्षा ठेव (काम नीट पूर्ण होईपर्यंत कंत्राटदाराने ठेवायची रक्कम) कंत्राटाच्या किमतीच्या ३ टक्क्यांवर आणली गेली. असे असूनही मुदतवाढीचा अर्ज वेळेत व योग्य कलमाचा हवाला देऊन केला नाही, काम कोणत्या दिवशी का थांबले याची साइटवरील नोंदवहीत नोंद ठेवली नाही, तर विलंबाचा दंड देयकातून कापला जाण्याची भीती राहतेच. अर्जाचा मसुदा, परिपत्रकाची प्रत आणि तो वाचून समजावणारा अनुभवी माणूस संघटनेच्या कार्यालयात मिळत असेल, तर माझ्या मते वर्गणी तिथेच वसूल होते.

प्रतिसाद ३

सभासद होण्यापूर्वी कार्यकारिणीत कोण आहे ते पाहावे. सरकारकडून देयके लवकर मिळावीत म्हणून भांडणारे मोठे कंत्राटदार स्वतःच्या उपकंत्राटदारांचे पैसे मात्र महिनोन्‌महिने अडकवून ठेवतात, आणि त्याविषयी अनेक संघटना मौन बाळगतात. मंदीचा घाव सर्वांत आधी त्या शेवटच्या माणसावर आणि त्याच्याकडच्या मजुरांवर बसतो. म्हणून थेट विचारावे: सभासदानेच सभासदाचे पैसे थकवले, तर तक्रार कोण ऐकते आणि आजवर अशा किती तक्रारी निकाली निघाल्या? या प्रश्नाला स्पष्ट उत्तर देणारी संघटना लहान कंत्राटदाराच्या खरोखर कामाची आहे.