पहिली वारी, तीही एकट्यानं: दिंडीत नाव घालावं की मोकळं चालावं?

उपवनकाठ
उन्हाळा संपत आला की ठाणे-नवी मुंबईतून हा प्रश्न येतोच. घरचं कुणी येत नाही, ओळखीचं कुणी नाही, पण आळंदी ते पंढरपूर चालायचंय, काय करू? उत्तरही ठरलेलं: "एखाद्या दिंडीत नाव घाला, पुढचं माऊली बघून घेतील." मला हे पटत नाही. एकट्यानं जाणाऱ्यानं पहिल्या वर्षी मोकळंच चालावं. खोडून काढा.

दिंडीचा दिवस पहाटे तीनला उठतो. राहुट्या पाडायच्या, ट्रक भरायचा, कारण पालखी रस्त्यावर आली की गाडीला वाट मिळत नाही. नवख्याचे पाय तिसऱ्या-चौथ्या दिवशी बोलायला लागतात. त्याला तेव्हा दोन तास जास्त झोप हवी असते किंवा अर्ध्यावर थांबायचं असतं. पण अंथरूण ट्रकमध्ये आणि ट्रक पुढच्या तळावर, म्हणजे रेटत जाणं आलं. पाठीवर पिशवी असेल तर जिथं पाय थांबले तिथं मुक्काम.

पिशवी वजनाच्या एक दशांशापेक्षा जड नको, पाण्यासकट. ६० किलोच्या माणसाला ६ किलो. दोन जोड कपडे, तेही पटकन वाळणारे (जाड सुती पायजमा पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही), एक चादर, पातळ पंचा, मेणकापड, टॉर्च, पाच मीटर सुतळी, दहा-बारा सेफ्टी पिना. ओला कपडा पिशवीच्या पाठीवर पिनांनी टाचायचा, चालता चालता वाळतो.

सराव आठ आठवडे. यंदा, २०२६ला, अधिक ज्येष्ठामुळे आषाढी २५ जुलैला आहे आणि प्रस्थान त्याच्या अडीचएक आठवडे आधी, त्यामुळे वेळ आहे. पहिले दोन आठवडे चार दिवस ५-५ किलोमीटर. पुढे शनिवार-रविवार लागोपाठ: १० आणि ८, मग १५ आणि १२, सातव्या आठवड्यात २२ आणि १८. शेवटचा आठवडा निम्म्यावर. नवी मुंबईकरांना पामबीच आहेच, वाशी ते बेलापूर साधारण १० किलोमीटर, जाऊन-येऊन एक टप्पा होतो. ठाणेकरांनी पुणे-सासवड वाटेवरच्या दिवे घाटासाठी येऊरचा चढ करावा.

घणसोलीकर
दादा, पिशवी छान भरलीत. आता झोपणार कुठं ते सांगा.

माऊलींच्या रथापुढं २७ दिंड्या असतात आणि मागं शेकड्यांनी. प्रत्येकीची मुक्कामाची जागा वर्षानुवर्षं ठरलेली: हे शेत, त्या वाड्याचं अंगण, ती शाळा. मोकळ्या माणसाला उरलेलं मिळतं. पुणे-सासवडला भागेल, तिथं दोन-दोन मुक्काम असतात आणि गावंही मोठी. पण तरडगाव, बरड, भंडीशेगाव? देवळाच्या ओसऱ्या दुपारी चारलाच भरतात. नवखा पोचतो सहा-सातला, पाय सुजलेले, वरून सर आली तर दुकानाच्या फळीखाली. दोन रात्री अशा गेल्या की तिसऱ्या दिवशी घरचा रस्ता.

"ओळखीचं कुणी नाही" ही आपल्याकडं सबब होऊच शकत नाही. घणसोली, कोपरखैरणे, दिवाळे, कळवा, कुठल्याही गावठाणात जा. आगरी-कोळ्यांच्या घरांत वारी पिढ्यांची आहे. विठ्ठल मंदिरात संध्याकाळी हरिपाठाला बसा, दोन-चार दिवसांत कोण कुठल्या दिंडीत जातं ते कळतं.

नाव घालण्याआधी मात्र चार गोष्टी विचारून घ्या. भिशी (दिंडीला द्यायची वर्गणी) किती आणि तिच्यात काय काय (दोन जेवणं, चहा-नाश्ता, राहुटी, ट्रक, आंघोळीचा टँकर, परतीचा प्रवास बहुतेकदा नसतो). एका राहुटीत माणसं किती. ट्रकमध्ये वळकटी किती मोठी चालते. आणि मधूनच परतावं लागलं तर पैशांचं काय. ही उत्तरं गुळमुळीत आली तर दुसरी दिंडी शोधा, तोटा नाही.

बेलापूर_टेकडी
राहण्यावर भांडा तुम्ही. सरावाबद्दल मात्र उपवनकाठ दादा, तुम्ही चुकताय असं माझं मत.

वारीत किलोमीटर दमवत नाहीत, तास दमवतात. सासवड ते जेजुरी १६-१७ किलोमीटर. पामबीचवर हे अंतर साडेतीन तासांत होतं. वारीत सकाळी सहाला निघालेला माणूस संध्याकाळी पाचला पोचतो. ताशी दोन-अडीच किलोमीटरची चाल, मध्ये विसावे, आरतीला उभं राहणं, गर्दीत पाऊल आखूड टाकणं. सलग झपझप चालायची सवय झालेल्या पायाला हे आखूड पाऊल जड जातं. कंबर आणि टाचा धरतात. म्हणून सरावात सहा तास पायांवर राहायचं ठरवा, अंतर कितीही होवो. पंचेचाळीस मिनिटं चाल, दहा मिनिटं उभं, पाच मिनिटं बूट काढून बसणं, पुन्हा चाल. पहिल्या तासाला हसाल, पाचव्याला कळेल.

दिवे घाटाचा उगाच बाऊ केलाय. डांबरी रस्ता, वळणावळणानं चढणारा, चार-पाच किलोमीटरचा. येऊरचा चढ ज्याला येतो त्याला घाटात चढाची अडचण नाही. अडचण अशी की पुणे-सासवड हाच सगळ्यात लांब टप्पा, तिशीच्या आसपास किलोमीटर, आणि घाट येतो तो दुपारनंतर, पाय आधीच भरलेले असताना. तेव्हा येऊर करायचंच तर आधी चार तास सपाटीवर चालून मग करा.

अजून एक, जे कुणी सांगत नाही. डांबरी रस्ता मध्ये उंच आणि कडांना उतरता असतो. दिवसभर डाव्या कडेनं चाललं की एक पाय सतत खालच्या पातळीवर पडतो आणि चौथ्या दिवशी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला सुरी लागल्यागत दुखतं. लोक म्हणतात गुडघे गेले. जागा मिळेल तिथं कड बदला किंवा मधोमध चाला.

सानपाड्याची
उपवनकाठ दादा, "जिथं पाय थांबले तिथं मुक्काम" हे पुरुषाचं उत्तर झालं. एकटी बाई बरडला ओसरीवर पथारी टाकणार नाही, आणि टाकू नये. बायांसाठी दिंडीच, यात चर्चा नको. बायांची राहुटी वेगळी असते, आणि रात्री उठायचं झालं तर उठवायला कुणीतरी शेजारी असतं.

पण घणसोलीकर काका, तुमच्याही यादीत बायांचा प्रश्न राहिलाच. दिंडीला विचारायची पाचवी गोष्ट: शौचालयाची सोय कुठं आणि आंघोळीला आडोसा आहे का. तळावर फिरती शौचालयं असतात, पण सकाळी पाचनंतर रांग आणि अवस्था दोन्ही बघवत नाहीत. पहाटे तीनला उठणं उपवनकाठ दादांना जाच वाटतो, बायांना तोच वेळ सोयीचा. दिवसा बऱ्याच जणी जायला नको म्हणून पाणीच कमी पितात. तिथून लघवीची जळजळ, ताप, आणि वारी अर्धी. पाणी तोडू नका, विसाव्याच्या गावात ओळखपाळख नसली तरी दार वाजवा. या दिवसांत कुणी नाही म्हणत नाही.

पाळी त्याच दिवसांत येणार असेल तर पॅड टाकायला जागा मिळत नाही हे धरून चाला. कागदी पिशव्या आणि एक झाकणाचा छोटा डबा जवळ ठेवा. कप वापरायचा असेल तर निदान तीन महिने आधी सवय करा, तळावर शिकायची ती गोष्ट नाही. पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या मैत्रिणीचं ऐकून घेऊ नका, डॉक्टरला विचारा.

उपवनकाठ
ताई, मान्य. बायांच्या बाबतीत माझं म्हणणं मागं. पुरुषांच्या बाबतीत कायम. काका, जागा भरते म्हणता ती तळाच्या गावात. पालखीच्या एक मुक्काम पुढं चाला. ओसरी रिकामी, नळाला पाणी, शौचालय स्वच्छ.

घणसोलीकर
मग ती वारी कसली? नुसती पंढरपूरची चाल. टाळ ऐकू येत नाही, रिंगण दिसत नाही. आणि व्यवहाराचं बोला: टँकर, फिरते दवाखाने, अन्नदान हे सगळं पालखीच्या अंगानं चालतं. एक दिवस पुढं गेलात तर तुमच्या आधी फक्त मंडपवाले पोचलेले असतात. रस्ता चौपदरी झाल्यापासून जुनी झाडंही बरीच गेलीत, ऊन पडलं तर सावली नाही. आणि पालखी नसताना त्या रस्त्यावर ट्रक भरधाव असतात.

बेलापूर_टेकडी
ट्रकचा मुद्दा खरा आहे. पहाटे अंधारात एकटा माणूस, अंगावर काळं मेणकापड. पाठीला चमकपट्टी लावल्याशिवाय निघू नका.

खारघर_दवापेटी
पायांचं कुणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो.

फोड चालण्यानं येत नाही. ओली, मऊ पडलेली कातडी घासते, आतला थर वेगळा सरकतो आणि मध्ये पाणी भरतं. म्हणून दोन कामं: पाय कोरडा आणि घर्षण कमी. पहाटे कोरड्या पायाला टाच, अंगठ्याची बाजू आणि चवड्यावर कागदी चिकटपट्टी लावा, मेडिकलमध्ये मायक्रोपोर म्हणून मिळते. सुरकुती पडली तर काढून पुन्हा लावा, कारण ती सुरकुतीच फोड आणते. बाकी पायाला व्हॅसलीन, पण पट्टी आधी. उलट केलं तर पट्टी टिकत नाही. प्रत्येक विसाव्याला पाय उघडे करा. "इथं गरम लागतंय" असं वाटलं की लगेच थांबून पट्टी. पुढच्या गावापर्यंत थांबलात तर फोड आलाच.

आलेला फोड लहान असेल तर तसाच झाकून ठेवा. तट्ट फुगून पाऊल टेकवत नसेल तर स्पिरिटनं पुसलेल्या सुईनं कडेला दोन भोकं, पाणी दाबून काढा, वरची कातडी तशीच, त्यावर मलम आणि पट्टी. कातडी सोलणं ही सगळ्यात मोठी चूक. सुईदोरा ओवून दोरा आत ठेवायची पद्धत वारीत सर्रास दिसते. नका करू, त्या दोऱ्यानं चिखलातली घाण आत जाते. मधुमेह असेल तर सुईला हात लावू नका, थेट दवाखान्यात जा. नखं आठवडाभर आधी सरळ कापा, कोपरे गोल केले की बोटात रुततात. मांड्या काचतात त्यालाही व्हॅसलीन किंवा खोबरेल, तेही काचायच्या आधी.

पोट. ओआरएसचं एक पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात. ग्लासभर पाण्यात अर्धं पाकीट ओतलं की ते जास्त खारट होतं आणि जुलाब वाढू शकतात. दुकानातली गोड खोक्याची पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. टँकरच्या पाण्यात क्लोरीनची गोळी, मग अर्धा तास थांबा. गोळी टाकून लगेच प्यायलं तर टाकली न टाकली सारखंच. वाटेत केळी, चिक्की, भजी, साबुदाणा, चहा अखंड मिळतं. फुकट मिळतं म्हणून घेत गेलं की बाराच्या आत पोट बिघडतं. समोर उकळतंय किंवा तळलं जातंय तेच घ्या. कापून ठेवलेलं फळ नको.

कळवा_पूल
बूट की चप्पल ते कुणी बोलेना. मी चपलेच्या बाजूनं. पावसात बूट एकदा भिजला की पंढरपुरापर्यंत वाळत नाही, आणि कीर्तनात, देवळात, जेवणाच्या पंगतीत दहादा काढावा लागतो.

खारघर_दवापेटी
अर्धवट सहमत. बोटात पट्टा असलेली चप्पल नको, ती धरून ठेवायला बोटं दिवसभर आवळलेली राहतात. मागं पट्टा असलेली सँडल, एक नंबर मोठी नाही, अर्धा. दुपारनंतर पाय सुजतो म्हणून खरेदी संध्याकाळी करा. पिशवीत कोरड्या मोज्यांची जोडी फक्त रात्रीसाठी. आणि दुकानातून थेट आळंदीला नेलेली नवी सँडल पुण्यातच टोचते. आधी निदान शंभर किलोमीटर झालेले हवेत.

नेरुळ_फलाट२
रजा सोळा-सतरा दिवस कुणाला मिळते? बहुतेक नोकरदार आळंदी-पुणे-सासवड करून परततात. पहिल्या वर्षी तेवढंच करा ना.

बेलापूर_टेकडी
अर्धी वारी जरूर करा, पण तो तुकडा नको. दोन सगळ्यात लांब टप्पे, शहराची रेटारेटी, आणि निष्कर्ष काढणार "मला वारी जमत नाही". त्यापेक्षा सासवडला जाऊन मिळा: सासवड-जेजुरी, जेजुरी-वाल्हे, वाल्हे-लोणंद. माऊलींच्या पादुकांचं नीरा नदीतलं स्नानही बघायला मिळतं. ठाण्याहून वंदनाच्या स्टँडवरून पुणे, तिथून सासवड एसटी. मात्र दिवे घाटातून पालखी येते त्या दिवशी त्या बाजूनं जाऊ नका, रस्ता बंद असतो. सासवडला दोन मुक्काम असतात, मधल्या दिवशी पोचा.

सानपाड्याची
हे पटलं. तीन दिवस असतील तर दिंडीवालेही पाहुणी म्हणून घेतात, आधी विचारलं तर.

उपवनकाठ
तीन दिवसांना तर मोकळं चालायला काहीच हरकत नाही, काका?

घणसोलीकर
तीन दिवसांना नाही. पण वाल्ह्याला झोपायची जागा दिवसा उजेडी, चारच्या आत धरा. आणि पैसे दहा-वीस-पन्नासच्या नोटांत, दोन ठिकाणी विभागून. लाखोंच्या गर्दीत नेटवर्क बसलं की फोनवरून चहाचेही पैसे जात नाहीत. घरचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. फोन बंद पडल्यावर बायकोचा नंबर आठवेना झालेली माणसं चौकशी मंडपात दरवर्षी उभी असतात.