मदत हवी आहे: अफेक्ट की इफेक्ट?

नमस्कार मंडळी, आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. भाची आठवीत आहे. इंग्रजी बरं आहे तिचं, पण सारख्या उच्चाराच्या शब्दांत हमखास अडकते. स्टेशनरीचं जमलं: एन्व्हलपमधला 'ई' असेल तर वह्या-पाकिटं, 'ए' असेल तर एका जागी थांबलेलं. 'अ‍ॅडव्हाइस'मध्ये 'सी' आला की नाम, 'एस' आला की क्रियापद, हेही पाठ झालं. खरी पंचाईत 'अफेक्ट' आणि 'इफेक्ट'ची. पहिलं क्रियापद, दुसरं नाम म्हणावं, तर 'इफेक्ट' क्रियापद म्हणूनही येतो, 'घडवून आणणे' या अर्थाने! स्पेलचेकही बऱ्याचदा गप्प, कारण दोन्ही शब्द बरोबरच. नुसत्या याद्या नकोत, त्या ढीगभर आहेत. वाक्यांतून सराव करून घेणारं पुस्तक किंवा एखादी युक्ती सुचवाल का? मराठीतून समजावलेलं असेल तर फारच छान.