मदत हवी आहे: क्रोमोफोब (कर्करोग) आणि ऑन्कोसायटोमा (सौम्य गाठ) वेगळे कसे काढावेत?

मूत्रपिंडाच्या गाठींचे जनुक-अभिव्यक्तीवरून वर्गीकरण करायचे आहे. क्लिअर सेल, पॅपिलरी आणि क्रोमोफोब (जेमतेम ६६) हे नमुने टीसीजीए या कर्करोग-माहितीसंचातल्या आरएनए-सिक्वेन्सिंगचे. तिथे ऑन्कोसायटोमाचा गटच नाही, म्हणून ते मायक्रोअ‍ॅरेच्या (जनुक-अभिव्यक्ती चिपवर मोजण्याचे वेगळे तंत्र) संचातून घेतले. घोळ इथेच आहे. बॅच (कोणत्या तंत्राने मोजले ते) आणि वर्ग (कोणती गाठ ते) एकच असल्याने कॉम्बॅट (बॅचमधला फरक काढणारी पद्धत) लावले की आजाराचा फरकही पुसला जातो. न लावावे तर मॉडेल गाठ ओळखत नाही, यंत्र ओळखते. ९९ टक्के अचूकता दिसते ती त्यामुळेच, असा दाट संशय आहे.

क्लिअर सेलची अडचण नाही, सीए९ हे जनुक बरेचसे काम करते. किट आणि फॉक्सआय१ ही जनुके मात्र क्रोमोफोब आणि ऑन्कोसायटोमा या दोन्ही गाठींत वर, कारण दोन्ही गाठींचे नाते मूत्रपिंडातल्या इंटरकॅलेटेड पेशींशी. केआरटी७ क्रोमोफोबमध्ये सहसा जास्त, पण एका जनुकावर निदान टांगणे बरे नव्हे.

एकाच नमुन्यातल्या जनुकजोड्यांची तुलना (केआरटी७ किटपेक्षा वर की खाली) दोन तंत्रांत टिकते का? क्रोमोफोबमध्ये गुणसूत्र २, ६, १०, १३, १७ बहुधा गमावलेली असतात. त्यांवरील जनुकांची सरासरी वापरून कोणी पाहिले आहे का? गुणसूत्र १ मुद्दाम वगळले, ते ऑन्कोसायटोमातही जाते. आणि दोन्ही गाठी एकाच चिपवर मोजलेला खुला संच कोणता?