कोल्हापुरी चपलेची ऑर्डर कधी दुप्पट, कधी निम्मी: माल कसा सांभाळायचा?

शाहूपुरी_जोड: एरवी आठवड्याला १५० जोड जातात, लग्नसराईत ३००. पाच डिझाईन, सहा ते दहा नंबर. तयार माल भरून ठेवला तर नको तेच नंबर पडून राहतात, नाही ठेवला तर ऑर्डर हातची जाते. चामडं यायला चार आठवडे लागतात. काय बदलावं?

तळकापी: तयार जोड साठवू नका, कान (तळाच्या दोन्ही बाजूंना वर येणारे चामड्याचे तुकडे) बसवून शिवलेले तळ साठवा. कान दोन तळांच्या मध्ये शिवले जातात, ते मागाहून बदलता येत नाहीत. पट्टा, अंगठा, वेणी, गोंडा मात्र शेवटी चढतात आणि डिझाईन तिथंच ठरतं. पाचही डिझाईनना एकच कान चालेल असं आधी बसवून घ्या. मग २५ प्रकारांऐवजी पाच नंबरांचे तळच सांभाळावे लागतात. डझनात सहाचा १, सातचे ३, आठचे ४, नऊचे ३, दहाचा १ असं धरून सुरुवात करा. दोन महिन्यांनी स्वतःच्या विक्रीवरून आकडे बदला.

चामड्याचा हिशोब: १५० × ४ आठवडे = ६००, वर दोन आठवड्यांचे ३०० राखीव. ९०० जोडांपुरतं चामडं उरलं की नवी मागणी गेलीच पाहिजे. सराईच्या सहा आठवडे आधी हाच हिशोब ३०० धरून करा.

बाभूळसाल: चामडं दोन ठिकाणांहून घ्या, पण एका जोडात मिसळू नका. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं चामडं प्रत्येक घाण्याला रंगानं थोडं वेगळंच निघतं. डावा-उजवा तळ एकाच चामड्याचा, शेजारी शेजारी कापा. तळ पाठीच्या भागाचा हवा; पोटाकडचं चामडं सैल असतं, चार दिवसांत पसरतं. जाडी एकाच ठिकाणी मोजून भागत नाही, मान, पाठ, पोट तिन्हीकडे मोजा.

सुभाषनगर_कडेला: खरी अडचण कारागिराच्या हातात भांडवल नसण्याची आहे. चामडं आपण कापून द्यावं, जोडामागे मजुरी ठरवावी आणि ती दर शनिवारी चुकती करावी. उधारी थकली की ऐन सराईत तो दुसऱ्याचं काम उचलणार, त्यात त्याची चूक नाही. सगळं काम एकाच घरात देऊ नका. तीन-चार घरांत वाटा, आणि वेणी घालणाऱ्या बायकांची मजुरी वेगळी धरा. घाईत काम अडतं ते वेणीवर.

बाहेरगावी काम देण्याआधी भौगोलिक मानांकन बघा. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे आठच जिल्हे त्यात आहेत. आग्र्यात शिवलेली चप्पल कोल्हापुरी म्हणून विकता येणार नाही.

शाहूपुरी_जोड: पावसाळ्यात तळ साठवले तर बुरशी येणार नाही?

बाभूळसाल: ओले शिवलेत तर नक्की येणार. शिवाय ओला तळ वाळताना आकसतो, टाका सैल पडतो, आठचा जोड साडेसातचा होतो. शिवून झाल्यावर सावलीत पुरते वाळवा, फळीवर उभे लावा, मध्ये हवा खेळू द्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत अजिबात नको, जुनी सुती चादर पुरते. जून ते सप्टेंबर साठा निम्म्यावर ठेवा, तेव्हा खपही कमीच असतो.